डावा बूट, कानात शिट्टी आणि रॉकचा धिंगाणा: तुमच्यापैकी कोण गेलंय?

तिसरं_रेल्वेगेट
मंडळी, शनिवारी रात्री एक प्रकार बघून आलो. सोमवार उजाडला तरी डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतो.

माझं वय ४६. नोकरी पतसंस्थेत. गाण्याची आवड म्हणजे गणपतीत आरत्या आणि गाडीत जुनी भावगीतं. थोरली लेक इंजिनिअरिंगला आहे. तिच्या वर्गातल्या पोरांचा रॉक बँड आहे आणि त्यांचा कार्यक्रम आपल्या बेळगावात हायवेच्या बाजूला एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावरच्या क्लबात होता. (नाव लिहीत नाही, उगीच त्यांच्यामागं लचांड नको.) रात्री एकटीला सोडायचं नाही असं घरातून फर्मान निघालं, म्हणून मी राखणदार. तिची एकच अट, "बाबा, मागं उभं राहायचं आणि ओळख दाखवायची नाही." कबूल केलं.

जागा किती? आमच्या शेतातलं गुऱ्हाळघर मोठं असेल. माणसं शंभराच्या वर नक्की. तीनशे रुपये घेऊन मनगटावर जांभळा शिक्का मारला. स्टेज म्हणजे वीतभर उंचीचा लाकडी पाट, त्यावर पाच पोरं कोंबलेली. पहिलं गाणं सुरू झालं आणि खरं सांगतो, आवाज कानात शिरलाच नाही, बरगड्यांत शिरला. हातातल्या ग्लासातला सोडा थरथरत होता. दुसऱ्या गाण्याला पुढची पोरं एकमेकांच्या अंगावर धडका मारायला लागली. मला वाटलं भांडण लागलं, सोडवायला पुढं गेलो. भांडण नव्हतंच, तो नाच होता! पण तोवर मी मधोमध. कोणीतरी "काका आले रे!" म्हणून ओरडलं आणि मला मागून पुढं, पुढून मागं, घुसळणीत ताक फिरावं तसा फिरवला. एक पोरगा खांद्यावर उचलला होता, त्याचं डोकं आणि छताचा पंखा यांत चार बोटांचं अंतर. माझा जीव तिकडं.

आणि मग लाईट गेली.

गिटार गप्प, माईक गप्प, अंधार गुडुप. एक क्षण शांतता. पण ड्रमला कुठली वीज लागते? तो पोरगा थांबलाच नाही. वाजवतच राहिला. मागच्या कोपऱ्यातून कोणीतरी हलगी काढली (कुठून आणली देव जाणे) आणि त्याच्यावर चढवली. अख्खा हॉल अंधारात पाय आपटत होता. पाचेक मिनिटं असतील. जनरेटर सुरू होऊन दिवे आले तेव्हा मी घामानं भिजलेला, चष्मा वाकडा, आणि माझा डावा बूट गायब. लेक समोर उभी. ओळख दाखवावी लागलीच.

तर प्रश्न असे:
एक, असल्या लहान जागेतल्या कार्यक्रमात लोकांना नेमकं काय मिळतं?
दोन, कानात अजून बारीक शिट्टी वाजायल्याय. ही जाते का?
तीन, बूट कोणाला सापडला का? काळा, नऊ नंबर. आशा नाही, तरी विचारून ठेवतो.

करदंट
तिसरा प्रश्न पहिला घ्या. एका बुटानं तुम्ही घरी गेलात कसे?

तिसरं_रेल्वेगेट
@करदंट, स्कूटरला गिअर नाही, त्यामुळं डाव्या पायाला काम नव्हतं. जिन्यात मात्र सौ. उभ्या होत्या.

षड्ज
कोणाला दुखवायचं नाही, पण याला गाणं म्हणायचं का? ज्या मुलखानं कुमार गंधर्व दिले (सुळेभावी इथून किती लांब आहे हो?), जिथं १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनात गांधीजींसमोर अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल गायल्या, तिथं आपण धडका मारण्याला मैफल म्हणतोय. स्वर नाही, शब्द कळत नाहीत, तालापेक्षा गदारोळ जास्त.

संकेश्वरी
षड्ज अण्णा, शब्द कळत नाहीत ही तक्रार तुम्ही करू नका. विलंबित ख्यालात बंदिशीचा शब्द मला आजपर्यंत एक कळलेला नाही.

मी गेलो होतो असल्या कार्यक्रमाला, पुण्यात शिकायला असताना तीन-चारदा. एकदा पहिल्याच रांगेत होतो, गायकाचा घाम अंगावर उडत होता. घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं आणि पुढच्या महिन्यात परत गेलो.

मुंबईकर_जावई
@संकेश्वरी दादा, कुठल्या साली? मी पण होतो पुण्यात.

संकेश्वरी
दादा नव्हे, ताई. आमच्या भागात बायका पण गेलो-आलोच म्हणतात. जावई झालात, एवढं शिकून घ्या.

मुंबईकर_जावई
सपशेल माफी. सासुरवाडीत आठ वर्षं हाच गोंधळ चाललाय.

विषयाकडं येतो. आमच्या पिढीचं रॉक म्हणजे मुंबईचं रंगभवन. १९८६ पासून तिथं इंडिपेन्डन्स रॉक व्हायचा, ऑगस्टच्या पावसात, उघड्यावर. पुढं शांतता क्षेत्राच्या नियमात ती जागाच गेली. मग २००७ च्या मार्चमध्ये आयर्न मेडन (इंग्लंडचा मेटल बँड) बंगळुरूला पॅलेस ग्राउंड्सवर आले तेव्हा रात्रभर बसनं गेलो. मोठं होतं, भव्य होतं, सगळं खरं. पण मी उभा होतो तिथून गायक अंगठ्याएवढा दिसत होता. आयुष्यभर लक्षात राहिला तो कार्यक्रम मात्र एका बारच्या तळघरात साठ माणसांसमोरचा. मधेच गिटारची तार तुटली, वादकानं आमच्यासमोर बसून नवी चढवली आणि तोवर ड्रमवाल्यानं विनोद सांगितले. भिकार विनोद होते. अजून आठवतात.

म्हणून धागाकर्त्यांना सांगतो, लहान जागेत काहीतरी बिघडतं आणि ते तुमच्यासमोर बिघडतं, त्याचीच मजा असते.

षड्ज
हे पटलं. गाणं नव्हे, जागेचा मुद्दा. बैठक म्हणजे तरी काय? पन्नास माणसं, सतरंजी, गवयाच्या समोर हातभर अंतरावर बसायचं, जागा चुकली तर त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं. सभागृहात पडद्यावर मोठं करून दाखवतात तेव्हा तो संबंध तुटतो. पण बैठकीत बूट हरवत नाही.

चुरमुरे
बैठकीत चपला बाहेर काढून ठेवतात अण्णा, त्या तिथून जातात. माझ्या दोन गेल्या आहेत.

पडद्यामागचा
मी साउंडचं काम करतो. लग्न, गणपती, प्रचारसभा, जे येईल ते. दोनदा असले रॉक कार्यक्रमही केले, त्यामुळं "गदारोळ" का होतो ते सांगतो.

लहान हॉल, खाली फरशी, भिंती उघड्या, वर पत्रा नाहीतर फॉल्स सीलिंग. ड्रमचा आवाज माईकशिवायच एवढा असतो की बाकी सगळ्यांना त्याच्यावर यायचं असतं. गिटारवाला म्हणतो मला माझंच ऐकू येईना, अँप वाढवतो. बेसवाला वाढवतो. मग गाणाऱ्याला स्वतःचा गळा ऐकू येईना, म्हणून त्याच्या पायाशी असलेला मॉनिटर (त्याच्याकडं तोंड केलेला स्पीकर) मला वाढवायला सांगतो. मॉनिटरचा आवाज परत माईकमध्ये शिरला की कुंईईई. सगळे माझ्याकडं बघतात. दोष माझा नसतो, खोलीचा असतो. आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि पहिला शब्द संपायच्या आत दुसऱ्याच्या अंगावर पडतो. म्हणून शब्द कळत नाहीत. भिंतीला जाड पडदे, मागं गाद्या उभ्या केल्या की निम्मा त्रास कमी. मी एकदा लग्नाच्या मंडपातल्या गाद्या नेऊन लावल्या होत्या. परत दिल्या तेव्हा मंडपवाल्यानं वास घेतला आणि भाडं दुप्पट लावलं.

आणि अजून एक. माणसं भरली की आवाज सुधारतो. अंग आणि कपडे आवाज शोषतात. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये जे भयंकर वाटतं ते रात्री बरं वाटतं.

करदंट
म्हणजे काका मधोमध घुसले ते आवाज शोषायला.

हलशी_फाटा
रॉक वगैरे मला कळत नाही, पण हलगीचं वाचून लिहावंसं वाटलं. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर जत्रेत कधी चौडकं ऐकलंय का? एक तार, ती ताणत ढिली करत वाजवायची, सूर रडल्यासारखा वर-खाली जातो. इलेक्ट्रिक गिटारवाले तार ओढून जे करतात ते याच जातीचं की. भंडारा उधळलेला, अंगात आलेल्या बायका, कोण कुणाला धडकतंय याचा पत्ता नाही. तिथं कोणी विचारत नाही हे गाणं आहे का म्हणून.

षड्ज
हलशी_फाटा, तिथं देवी आहे.

हलशी_फाटा
इथं पण काहीतरी असणार अण्णा. नाहीतर ४६ वर्षांचा पतसंस्थेतला माणूस अंधारात पाय कशाला आपटेल?

चुरमुरे
शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत रात्रभर उभं राहायचं, विसर्जनाला कपिलेश्वर तलावापर्यंत डीजेमागं नाचायचं आणि वर म्हणायचं रॉकमध्ये फार गोंगाट. आपल्या गावानं हे बोलूच नये.

सीमावासी५६
गाणी कुठल्या भाषेतली होती ते कोणीच विचारलं नाही. मराठी होतं की नाही? आपल्या गावात आपल्या पोरांनी…

तिसरं_रेल्वेगेट
@सीमावासी५६, दोन इंग्रजी, दोन कन्नड, एक मराठी. मधे एका कोपऱ्यातून "मराठी, मराठी" आणि दुसऱ्या कोपऱ्यातून "कन्नड, कन्नड" सुरू झालंही होतं. पण एकदा गिटार सुरू झाली की शब्द कुणालाच कळत नव्हते, त्यामुळं वाद पुढं गेला नाही. मराठी गाणं कुठलं ते मला लेकीनं घरी आल्यावर सांगितलं.

सीमावासी५६
हसण्यावारी नेऊ नका. १९५६ पासून…

संपादक मंडळ
सीमाप्रश्नासाठी या संकेतस्थळावर सतरा धागे आहेत. कृपया तिकडे. येथे बूट शोधणे चालू आहे.

नकटा_सर्जा
मी जरा रंगाचा बेरंग करतो. वरचा मजला, लाकडी जिना, अंधार, शंभरावर माणसं. बाहेर पडायचे मार्ग किती होते?

फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात द स्टेशन नावाच्या अशाच लहान क्लबात रॉक कार्यक्रम चालू असताना स्टेजवरच्या फटाक्यांनी भिंतीच्या फोमला आग लागली. १०० माणसं गेली. बाहेर पडायला दारं चार होती, पण बहुतेक लोक ज्या दारानं आत आले त्याच दाराकडं धावले आणि तिथंच अडकले. आपल्याकडं २०१७ च्या डिसेंबरात मुंबईत कमला मिल्सच्या आवारातल्या आगीत १४ जण गेले. मी कुठंही गेलो की आधी दुसरं दार शोधून ठेवतो. बायको हसते. हसू दे. आणि पडद्यामागचा, भिंतीला गाद्या लावायचं ठीक आहे, पण कापूस आणि फोम कसा पेटतो ते माहीत आहे ना?

पडद्यामागचा
@नकटा_सर्जा, बरोबर आहे. तेव्हा विचारच केला नव्हता. हॉलला मागचं एक दार होतं आणि त्याच्यासमोर माझ्याच स्पीकरच्या पेट्या रचल्या होत्या. आता वाचताना अंगावर काटा आला.

तिसरं_रेल्वेगेट
@नकटा_सर्जा, मागं एक दार होतं म्हणे, स्वयंपाकघरातून. मी बघितलं नव्हतं. पुढच्या वेळी बघीन.

करदंट
पुढच्या वेळी?? मंडळी, नोंद घ्या.

कानसेन
दुसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात लावला नाही. मी श्रवणतज्ज्ञ आहे, रोज हेच करतो.

मोठ्या आवाजानंतर कानात शिट्टी वाजणं, कापूस घातल्यासारखं वाटणं हे बहुधा तात्पुरतं असतं. आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी थकतात, आवाजापासून लांब राहिलं की बहुतेक वेळा सोळा तासांपासून दोन दिवसांत सावरतात. पण दर वेळी पूर्ण सावरतीलच असं नाही आणि मेलेली पेशी परत येत नाही. हिशेब असा, ८५ डेसिबल आठ तास चालतात. पुढं प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० ला फक्त पाव तास. ड्रम असलेला लहान हॉल १०० च्या खाली क्वचित राहतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये अशा जागांसाठी मर्यादा सांगितली तीही १०० डेसिबलची, आणि सोबत सांगितलं की कानात घालायचे बोळे ठेवा, बसायला शांत कोपरा ठेवा.

कापूस घालून उपयोग नाही. फोमचे बोळे मेडिकलमध्ये मिळतात. बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वर ओढायचा, बोळा आत सारायचा आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. नुसता भोकावर टेकवला तर तो दागिना झाला.

धागाकर्ते, बुधवारपर्यंत शिट्टी गेली नाही तर कान-नाक-घसावाल्यांना दाखवा. आणि एकाच कानानं अचानक कमी ऐकू यायला लागलं तर बुधवारची वाट बघू नका, त्याच दिवशी जा.

मुंबईकर_जावई
उत्तम प्रतिसाद. मी विशीत बोळे घालणाऱ्यांना हसायचो. आता चारचौघांत बोलताना समोरच्याच्या ओठांकडं बघतो.

संकेश्वरी
कानसेन, बोळे घालून गाणं ऐकायचं म्हणजे छत्री घेऊन अंघोळीला जाणं नव्हे का?

कानसेन
नाही ताई. लहान हॉलमध्ये उलट शब्द जरा स्पष्ट होतात, कारण कान ओव्हरलोड होत नाही. करून बघा.

षड्ज
म्हणजे कान बंद केल्यावर हे गाणं सुधारतं. मी पहिल्यापासून हेच म्हणतोय.

चुरमुरे
अण्णा 😂 शंभर गुण.

पाट्यावरचा
नमस्कार. पहिल्यांदाच लिहितोय, मराठी टायपिंग कच्चं आहे, सांभाळून घ्या. शनिवारी ड्रम वाजवत होतो तो मी.

मैत्रिणीनं (तिचं नाव लिहू नको म्हणाली, तिचे बाबा इथं आहेत) धागा पाठवला. आधी बुटाचं सांगतो. आमचा मोठा ड्रम, पायानं वाजवतो तो, गुळगुळीत लाकडावर दर ठोक्याला पुढं सरकतो. त्याच्याखाली जमखाना टाकायचा असतो. माझ्याकडं नवलगुंदचा आहे, आजीचा, मोर काढलेला. तो त्या दिवशी गाडीत राहिला. पहिल्या गाण्यापासून ड्रम पळतोय आणि मी स्टूल घेऊन त्याच्यामागं पळतोय. लाईट गेली तेव्हा पाटासमोर कायतरी पायाला लागलं, चाचपलं, जड होतं. ड्रमच्या पुढं दाबून बसवलं. शप्पथ सांगतो, त्यानंतर ड्रम इंचभर हलला नाही. दिवे आल्यावर बघितलं तर बूट. मालक कोण ते कळेना, म्हणून किटच्या पेटीत टाकला.

षड्ज काका, तुमचं वाचलं. गदारोळ होतो हे खरं आहे. आम्ही महिन्यातून एकदा वाजवतो आणि तीन वेळा जागा शोधतो. कोण म्हणतं पोलीस येतात, कोण म्हणतं दारू खपत नाही, कोण म्हणतं कन्नड गाणी वाढवा, कोण म्हणतं मराठी वाढवा. बंगळुरूला क्रिप्टोससारखे मेटल बँड वीस वर्षांवर टिकलेत, आम्हाला तिथं जायला पाचशे किलोमीटर. गोवा चोर्ला घाटावरून जवळ, पण तिथं ज्याला त्याला डीजे पाहिजे. म्हणून इथंच वाजवतो. अंधारात मी थांबलो नाही कारण थांबलो असतो तर लोक निघून गेले असते आणि जागेचं भाडं अंगावर आलं असतं. धाडस वगैरे काही नाही.

हलगी वाजवणारा हॉटेलातलाच पोरगा आहे, पार्किंग बघतो. त्याच्या घरात हलगी पिढ्यान्‌पिढ्या आहे. ठरलेलं नव्हतं. आता पुढच्या वेळी त्याला घेणार.

तिसरं_रेल्वेगेट
अरे बाबा! म्हणजे तासभर माझा बूट लाथा खात होता?

(आणि मैत्रिणीचे बाबा म्हणजे मीच काय ते कळलं. "मैत्रीण" या शब्दावर घरी बोलू.)

करदंट
धाग्याला आता खरा रंग चढला.

संकेश्वरी
तिसरं रेल्वेगेट काका, पोरगं सरळ आहे. बूट सांभाळून ठेवला बघा.

हलशी_फाटा
त्या हलगीवाल्या पोराला पैसे द्या बरं का. "घेणार" म्हणजे फुकट नव्हे.

पाट्यावरचा
हो काका. सगळ्यांना वाटून जेवढे आम्हाला तेवढेच त्याला. शनिवारचे काढले तर माणशी एकशे चाळीस रुपये येतात, ते त्याला काल दिले. तो म्हणाला एवढ्यात पार्किंग परवडतं.

षड्ज
पाट्यावरचा, तुझं लिहिणं आवडलं. गाणं आवडेल असं कबूल करत नाही. पण तो अंधारातला ड्रम आणि हलगीचा भाग ध्वनिमुद्रित आहे का? असेल तर पाठव. बारा मात्रांत होता की सोळा, एवढंच बघायचंय.

पाट्यावरचा
एका पोरानं मोबाइलवर घेतलंय, चित्र काळं आहे, आवाज आहे. मात्रा मोजल्या नाहीत काका. सहा-सहाच्या जवळपास काहीतरी पडत होतं, तो हलगीवाला मला ओढत नेत होता. पाठवतो.

षड्ज
ऐकलं. दोनदा. सहाचंच आहे, पण मधे एके ठिकाणी तू अर्धी मात्रा खाल्लीस आणि त्यानं तुला सांभाळून घेतलं. मिनिट २, सेकंद ४०.

पाट्यावरचा
😳 तेव्हाच काठी हातातून सुटली होती.

तिसरं_रेल्वेगेट
बुधवार सकाळ. शिट्टी काल रात्री गेली. कानसेन, आभार. तरी कान तपासायची वेळ घेतली आहे, पन्नाशी जवळ आली म्हणून. फोमच्या बोळ्यांचं पाकीट आणलं, कान वर ओढून घालून बघितलं. सौ. हाक मारत होत्या ते अजिबात ऐकू आलं नाही. पाकीट त्यांनी जप्त केलंय.

पाट्यावरचा, बूट घेऊन रविवारी घरी ये. येताना तो आजीचा जमखाना पण आण, बघायचाय. कुंदा आणून ठेवतो. दहाच्या आत ये, अकराला आमच्याकडं पाणी जातं.

पाट्यावरचा
येतो काका. बुटाचा एक लेस तुटलाय, बदलून आणतो. काळाच ना?